आलं का?

सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालंय. मे संपायच्या आत उरकायचं म्हणून जिन्यात नोटीस लागली, सर्व सभासदांनी आपापल्या टीव्हीच्या छत्र्या कठड्यावर हलवाव्यात, न हलवल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. कशाला जबाबदार राहणार नाही ते लिहिलेलं नाही, पण आमच्या सेक्रेटरींना ते वाक्यच आवडतं. कंपनीचा माणूस म्हणाला चार दिवसांनी येतो. मग काय, पाना घेतला आणि दुपारी जेवण झाल्यावर मीच वर गेलो.

छत्री हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे. पावसाचे चार थेंब पडले की घरात सगळ्यात आधी जी वस्तू बंद पडते तिचं नाव छत्री!

वर गेलो तर चाळीसेक छत्र्या, काही गंजलेल्या, काहींची चोच तुटलेली, एकीत कुणीतरी चक्क मिरच्या वाळत घातलेल्या, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, शाळेत प्रार्थनेला उभं केल्यासारखी. दक्षिणेकडे, थोडीशी पूर्वेला कललेली. फ्लॅट घेताना दक्षिणेकडे दार नको म्हणून माझ्या मामांनी दोन सौदे मोडले होते, त्याच मामांच्या घरात गेली पंधरा वर्षं सगळ्या मालिका, सगळी कीर्तनं, सगळं भविष्य दक्षिणेकडूनच येतंय, विषुववृत्ताच्या वर छत्तीस हजार किलोमीटरवरून. त्याला कुणाची हरकत नाही.

लहानपणी टीव्ही सिंहगडावरून यायचा. पुण्यातल्या माझ्या वयाच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी: मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम गडावरच्या टॉवरवरून आमच्यापर्यंत पोचायचे. वाड्याच्या कौलांवर लोखंडी पाइपला बांधलेला अँटेना, त्याचं तोंड गडाकडे, आणि वारा सुटला किंवा कावळा बसला की ते फिरायचं आणि पडद्यावर मुंग्या. मग बाबा शिडी लावून वर. मी खालच्या खोलीत, ताई चौकात, असा निरोप पोचवायचा. वरून बाबा ओरडणार, "आलं का?" ताई मला विचारणार, "आलं का रे?" मी म्हणणार, "थोडं आलं, थोडं आलं... गेलं!" ताई वर बघून, "गेलं!" शनिवारच्या मराठी सिनेमाचा पहिला अर्धा तास असाच जायचा. कधीकधी हा सगळा खटाटोप चाललेला असताना खरं तर 'व्यत्यय'ची पाटी लागलेली असायची, म्हणजे दोष मुंबईचा आणि बाबा कौलांवर.

एक गोष्ट बाबांना आम्ही कधी सांगितली नाही. ते फार वेळ वर राहिले, कौल तडकल्याचा आवाज आला, की आई आतून हळूच म्हणायची, "सांग त्यांना आलं म्हणून." मग मी ओरडायचो, "आलं, आलं, एकदम क्लिअर!" बाबा खाली येऊन पंच्याने तोंड पुसत बसायचे, समोर मुंग्या तशाच, आणि ते म्हणायचे, "बघ, मगाशी किती खराब होतं."

रंगीत टीव्ही देशात १९८२ ला आला, आमच्याकडे यायला पुढची बरीच वर्षं गेली. तोवर बाबांनी लक्ष्मी रोडवरून एक प्लास्टिकची काच आणली होती, वर निळी, मध्ये नारिंगी, खाली हिरवी, ती ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या पुढे लावायची. देखावा असला तर खरंच आकाश निळं आणि गवत हिरवं दिसायचं. पण बातम्या सांगणाऱ्या बाईंचे केस निळे, चेहरा नारिंगी आणि साडी रोज हिरवी.

हे खूळ माझ्यात तिथूनच आलं असणार. चित्र नीट दिसलं पाहिजे, हे खूळ.

२०१३ च्या दिवाळीत मोठा फुल एचडी टीव्ही घेतला. निमित्त सचिनची शेवटची टेस्ट, दिवाळीनंतर दहा-बारा दिवसांवर, वानखेडेला. एचडी बॉक्स घेतला, स्पोर्ट्सचं एचडी चॅनल घेतलं, आणि तो ७४ वर स्लिपमध्ये सॅमीकडे कॅच देऊन परत जाताना मला गवताचं पातं न् पातं दिसत होतं, फक्त डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही.

टेस्ट संपली आणि टीव्ही आईच्या ताब्यात गेला. मराठी चॅनल तेव्हा सगळी साधीच, चौकोनी चित्र, ते आमच्या लांबड्या पडद्यावर ताणून बसवलेलं. त्यामुळे मालिकेतली प्रत्येक व्यक्ती आडवी वाढलेली. आई म्हणायची, "हल्ली सगळीच जाडी झालीत, बाहेरचं खातात." मी रिमोटने चित्र मूळ मापाचं करायचो, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायच्या, की ती म्हणायची, "अरे, अर्धा टीव्ही बंद पडला." मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो की परत सगळी जाडी. लोकांच्या घरी गेलो तरी मला हे बघवत नाही. एकदा बायकोच्या मावशीकडे श्रीखंड-पुरी खाता खाता मी त्यांचं चित्र नीट करून दिलं, तेव्हापासून मावशी मला जरा बिचकून असतात.

मग २०१६ मध्ये मराठी चॅनलं एचडीत निघाली. जाहिरात बघून मी उठून उभा राहिलो. आणि आमच्या कंपनीकडे ती नव्हती! समोरच्या काकूंकडे होती, त्यांची छत्री दुसरी. आमच्याकडे एचडीत काय होतं, तर आफ्रिकेतला बिबट्या, जो आमच्या घरात कुणीही बघत नव्हतं. बिबट्याची मिशी वेगळी मोजता येत होती आणि आईच्या मालिकेतल्या सासूबाईंच्या कुंकवाला कडा नव्हत्या.

रोज सकाळी दात घासता घासता चॅनलची यादी बघायची, हा माझा नित्यनेम झाला. कस्टमर केअरला फोन केला की तिकडची मुलगी म्हणायची, "सर, आपली रिक्वेस्ट फॉरवर्ड केली आहे." कुठे, ते तिला माहीत नव्हतं. पण मला कारण कळत होतं, कारण मी तोवर त्यात पार बुडालो होतो. साध्या चित्रात चार लाखांच्या आसपास ठिपके, फुल एचडीत वीस लाखांच्या वर, म्हणजे पाचपट. उपग्रहावर ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेलं चॅनल झेलून परत खाली धाडणारी यंत्रं, मोजके, त्यात एचडी चॅनल म्हणजे एसटीच्या तिघांच्या सीटवर पाय पसरून बसणारा पाहुणा. आणि जागा संपली की दुकानातून नवीन ट्रान्सपाँडर आणता येत नाही, वर उपग्रह जावा लागतो. तोही जाईलच असं नाही. १० जुलै २००६ ला इन्सॅट-४सी श्रीहरिकोटाहून निघाला आणि मिनिटभरात रॉकेट भरकटून सगळं बंगालच्या उपसागरात, त्यावर छत्रीवाल्या टीव्हीला लागतात तसले, केयू बँडचे, बारा ट्रान्सपाँडर होते. त्याचा जुळा भाऊ वर जायला पुढचं वर्ष उजाडलं. हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मासे बघतात का टीव्ही?"

दीड वर्ष गेलं. एका मंगळवारी सकाळी यादीत चॅनल दिसलं. ना पाटी, ना मेसेज, नुसतं आलेलं. ब्रश तोंडात धरून मी बायकोला उठवलं. तिने एक डोळा उघडून बघितलं आणि "अरे वा" म्हणून परत मिटला.

संध्याकाळी घरी आलो तर आई जुन्याच चॅनलवर, सगळी जाडी. तिला जुना नंबर पाठ, बोटं आपोआप तिकडेच जातात. नवीन नंबर मी मोठ्या अक्षरांत लिहून रिमोटच्या पाठीवर चिकटवला, तर सेल बदलताना तो निघून गेला. एकदा मुद्दाम लावून दाखवलं, तिने पाच मिनिटं निरखून बघितलं आणि म्हणाली, "सगळ्यांचे मेकअप दिसतायत रे. नको." २०१९ ला ट्रायचे, म्हणजे टीव्ही-टेलिफोनवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवीन नियम आले, १३० रुपयांत शंभर चॅनल आणि वर जीएसटी, त्यात एक एचडी म्हणजे दोन धरायची. तेव्हा यादी छाटायला बसलो आणि ते चॅनल मी स्वतःच्या हाताने काढलं. बिबट्याही गेला.

तर आज दुपारी गच्चीत. नट सुटले, छत्री उचलून कठड्यावर नेली, अंदाजाने बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून तिचं तोंड फिरवलं. आमचा फ्लॅट वरच्याच मजल्यावर, त्यामुळे मधे ताईची गरज नव्हती. कठड्यावरून वाकून ओरडलो, "आई, आलं का?"

"नाही!"

बोटभर इकडे. "आता?"

"नाही!"

डांबरी गच्ची, दुपारचे अडीच, चप्पल चिकटत होती. आणखी बोटभर. घाम डोळ्यांत. दहा-बारा वेळा तरी झालं असेल. मग थोडा वेळ खालून काहीच उत्तर नाही, आणि मग आईचा आवाज,

"आलं, आलं! एकदम छान आलं. ये आता खाली."

नट आवळले, पाना खिशात घातला, खाली आलो. टीव्हीवर निळ्या पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही'. आणि स्टुलावर कोकम सरबताचा ग्लास झाकून ठेवलेला.