मशीन नको, फाइल द्या

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं वाजवायच्या जुन्या कीबोर्डांचं दुकान आहे, दुरुस्ती आणि विक्री दोन्ही. मागच्या आठवड्यात एक काका कोर्ग कंपनीचा एम-वन सिंथेसायझर विकायला घेऊन आले. १९८८ सालचं मॉडेल, ऑर्केस्ट्रात झिजलेलं. चालू करताच पडद्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना. आतल्या सीआर २०३२ या नाण्याएवढ्या बॅटरीवरच वाजवणाऱ्यानं बनवलेले आवाज टिकतात. ती काढली की सगळं साफ. म्हणून आधी मिडीवरून, म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर जोडायच्या वायरीतून, सगळा डेटा फाइल करून कॉम्प्युटरवर उतरवायचा, मग सोल्डरिंगला हात घालायचा. स्वस्तातली यूएसबी-मिडी वायर इथं दगा देते. सूर नीट वाजतात, पण मोठा डेटा मध्येच तुटतो. मी चांगल्या इंटरफेसच्या (वाद्य, माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीच्या) पाच पिनी मिडी सॉकेटातूनच घेतो, आणि तोच डेटा परत मशीनमध्ये भरून, वाजवून बघितल्याशिवाय बॅटरीला शिवत नाही.

त्याच दुपारी कागलचा एक पोरगा आला. कॉम्प्युटरवर गाणी करायचीत, बजेट १५ हजार. मोबाइलवर आठ इनपुटचा, फायरवायर या जुन्या पोर्टवर चालणारा इंटरफेस दाखवला, कवडीमोलानं. असणारच! नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. गाणारा एक, ढोलकी एक, आठ इनपुट कशाला? लोक आकडे बघून घेतात आणि मग माझ्याकडे रडत येतात. त्याला दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस काढून दिला. इंटरफेसनं पुरवलेल्या ४८ व्होल्टवर कंडेन्सर माइक चालतो का, नॉब फिरवताना खरखर येते का, यूएसबीचं सॉकेट हलतं का, आणि मुख्य म्हणजे आवाज उशीर न होता यावा म्हणून लागणारा कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर आजच्या विंडोजवर बसतो का, हे सगळं त्याच्यासमोर तपासलं. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज साठवून धरतो तो तुकडा, १२८ सॅम्पलइतका लहान ठेवला तर पट्टी दाबली की आवाज लगेच यायला पाहिजे.

तेवढ्यात काकांनी एम-वन छेडला. सनई आणि क्लॅरिनेटच्या मधला कुठलातरी आवाज, जॉयस्टिकनं ओढून अशी मींड घेतली की पोरगा खुर्चीवरून उठलाच. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मशीन नको, तेवढी फाइल द्या की." पोरगं हुशार. कोर्गनंच एम-वन सॉफ्टवेअरमध्ये काढलाय, त्यात मूळ मशीनचा डेटा उघडतो, हे त्याला ठाऊक होतं.

मी काकांना सगळं समजावलं. त्यांनी मशीनवर थाप मारली. "फाइल कसली? मशीन ज्याचं, आवाज त्याचा."

फाइल दिली नाही. पण आवाज बाहेर मिळाला तर हे धूड घेणार कोण, हेही खरंच. आणि मशीन गेल्यावर माझ्याकडच्या प्रतीचं काय करायचं?

काकांचा फोन येतो, गिऱ्हाईक आलं का म्हणून. पोराचाही येतो.