बसतो, पण घेत नाही

२०२४ ची गटारी रविवारी आली होती. त्या रात्री घेतली ती शेवटची. ठरवून नव्हे हं. श्रावण मी दरवर्षीच पाळायचो आणि गणपती उठले की आमची चौकडी पुन्हा बसायची. त्या वर्षी मध्येच सोनोग्राफी झाली, रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ आलं आणि माझा श्रावण लांबला तो लांबलाच.

दारू सुटणं वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. जड गेलं ते शुक्रवारचं बसणं. वीस वर्षांचे मित्र, पुण्यातली एकच परमिट रूम, कोपऱ्यातलं तेच टेबल. तिथे जायचं बंद केलं असतं तर मित्रच सुटले असते. म्हणून जात राहिलो.

पहिल्या शुक्रवारी फ्रेश लाइम सोडा मागवला. पाच मिनिटांत संपला. दुसराही. मग थम्स अप. दहा वाजेपर्यंत पोट तंबोऱ्यासारखं झालं, आणि मसाला पापडाबरोबर ते गोड काही जाईना. पुढच्या वेळी मॉकटेल घेतलं: निळं सिरप, वर चेरी, कागदी छत्री. आमच्यातला एकजण म्हणाला, “केक कधी कापायचा?” झिरो पॉइंट झिरो बिअरही करून पाहिली. फेस तोच, वास तोच, आणि दुसऱ्या घोटालाच खरीची आठवण. ज्याला चालते त्याने खुशाल घ्यावी. मी पुन्हा तिच्या वाटेला गेलो नाही.

बिलाचं वेगळंच. चौघांत सारखं वाटायची आमची जुनी पद्धत. तीन शुक्रवार मी इतरांच्या व्हिस्कीचे पैसे भरले, मग लाज सोडून वेटरला दोन बिलं करायला सांगितली. त्याला काहीच कष्ट नव्हते. तेव्हा दारूवर १० टक्के व्हॅट होता, जेवणावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे हिशोब मुळात वेगळाच असतो. एवढं साधं मला तीन आठवडे सुचलं नाही.

पण मालकाची पंचाईत मला दिसत होती. तीन तास खुर्ची अडवायची आणि दोन सोडे प्यायचे. अण्णा एकदा गल्ल्यावरून बोललेच, “सर, तुम्ही घ्या नका घेऊ, लायसन्सची फी मला भरावीच लागते.” मी म्हटलं, “अण्णा, मग मला पेगच्या भावात काहीतरी विका की. फक्त ते सावकाश पिता आलं पाहिजे.”

सगळी मेख त्या ‘सावकाश’मध्ये आहे. दारू घशाला लागते म्हणून घोट लहान होतो आणि गप्पा लांबतात. सरबत गटागटा जातं. मला आजोळ आठवलं, गोव्यातल्या पेडण्याचं. काजूच्या हंगामात मामा हुर्राकात, म्हणजे काजूच्या बोंडांच्या पहिल्या धारेच्या दारूत, लिम्का, मीठ, लिंबू आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालायचा. हुर्राक काढून टाकला तरी मिरची उरतेच ना!

अण्णांच्या किचनात सोलकढीसाठी कोकमाचं आगळ होतंच. उंच ग्लास, भरपूर बर्फ, दोन चमचे आगळ, चिरलेली मिरची, अर्धा सोडा आणि कडवटपणासाठी अर्धं टॉनिक वॉटर. पहिला ग्लास इतका खारट झाला की डोळ्यांत पाणी आलं. आगळात आधीच मीठ असतं हे विसरून वेटरने वरून आणखी घातलं होतं. तिसऱ्या खेपेला जमलं. तो एक ग्लास मला पाऊण तास पुरला. आणि मुख्य म्हणजे ‘अरे एक घे, औषध म्हणून’ हे बंद झालं. हातात लालसर, बर्फाचा ग्लास असला की कुणी आग्रहच करत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, “ते लाल काय आहे?” त्यांच्यातल्या गाडी चालवणाऱ्याला हवं होतं. मग अण्णांनी मेन्यूत पेनने लिहिलं ‘कोकम मिरची, १२०’. माझा हट्ट एकच होता की ते मिल्कशेकच्या पानावर नको. आता ते रमच्या खाली आहे.

मागच्या महिन्यात भाव वीस रुपयांनी वाढला. मी भांडलो, पण दुसरा ग्लास मागवूनच.