तुम्ही विचारलंत म्हणून: हॅचरी असताना जंगली सामन कशाला जपायचा?

"हॅचरीतून दरवर्षी लाखो पिल्लं सोडता येतात, मग ओढ्याओढ्यातला सामन वेगळा जपायचा अट्टहास कशाला?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाचं लिहूनच टाकतो. (हॅचरी म्हणजे अंडी फळवून माशांची पिल्लं वाढवणारं केंद्र. सामन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला परत नदीत चढतो.)

कॅलिफोर्नियातली सॅक्रामेंटो नदी घ्या. तिथे चिनूक या सामनच्या जातीच्या चार झुंडी वेगवेगळ्या काळात चढतात: फॉल (शरद), लेट-फॉल (उशिराचा शरद), विंटर (हिवाळा), स्प्रिंग (वसंत). धरणांनी वरचे थंड ओढे तोडले आणि मासेमारी जवळजवळ एकट्या फॉल झुंडीवर येऊन ठेपली, तीही बरीचशी हॅचरीची. 2005 च्या वसंतात किनाऱ्यालगत खालचं थंड, सकस पाणी वर यायला उशीर झाला. पिल्लं एका वयाची, सोडलेलीही थोड्याच आठवड्यांत. सगळी एकदमच समुद्रात उतरली आणि तिथे खायला फारसं नव्हतं. 2006 चा वसंतही पिल्लांना वाईटच गेला. 2002 मध्ये साडेसात लाखांच्या आसपास फॉल मासे परतले होते, 2008 मध्ये जेमतेम 66,000. 2008 आणि 2009 ला तिथली समुद्रातली सामन मासेमारी जवळजवळ पूर्ण बंद राहिली. समुद्र बिघडला, हे मान्यच. पण महिनाभर मागेपुढे उतरणारं फारसं कुणी उरलंच नव्हतं.

"मग हॅचरी नीट चालवा!" चालवावीच. पहिल्या आलेल्या माशांवरच अंड्यांचा कोटा भरला की उशिरा येणारे पिढीगणिक घटतात. म्हणून अंडी हंगामभर थोडी थोडी घ्यावी लागतात. अनेक नरांचं वीर्य एकत्र कालवलं तर एखादाच नर बहुतेक अंडी फळवतो; म्हणून एका मादीला एक नर. पिल्लं टँकरने खाडीत नेली तर जगतात जास्त, पण नदीचा वास ओळखीचा नसल्याने मोठेपणी भलत्याच नदीत चढतात आणि तिथल्या जंगली माशांत मिसळतात.

अलास्कातल्या ब्रिस्टल बेमध्ये सॉकाय या दुसऱ्या जातीच्या सामनच्या शेकडो स्थानिक झुंडी शाबूत आहेत. 2010 च्या अभ्यासानुसार तिथे एकच एकसारखी झुंड असती, तर मासेमारी दहापट वेळा बंद करावी लागली असती.

हॅचऱ्या सरसकट बंद करा, असं मी पूर्वी म्हणायचो. सॅक्रामेंटोतल्या विंटर झुंडीपुढे ते म्हणवत नाही. त्या नदीवरच्या शास्ता धरणामुळे ती आता धरणाखाली, भर उन्हाळ्यात अंडी घालते. पाणी 13 अंश सेल्सिअसच्या फार वर गेलं की अंडी मरतात. 2014 मध्ये सुमारे 95 टक्के अंडी-पिल्लं अशीच गेली. धरणाच्या पायथ्याच्या लिव्हिंगस्टन स्टोन हॅचरीने त्या वर्षाची पिढी तगवली. पण नदीतल्या अंड्यांना लागतं ते धरणातलं थंड पाणीच. ते शरदापर्यंत राखायचं तर शेतीच्या वाट्याला कात्री लागते. ती किती लावायची, यावर माझं मत अजून ठरत नाही.