चुकीच्या इंग्रजी वाक्यामागचं चिनी वाक्य

'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट आउट.' चिनी बोलणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांच्या वहीत हे वाक्य हमखास सापडतं. शिक्षक लाल शाईनं 'बट' खोडतात आणि पुढच्या आठवड्यात 'बट' पुन्हा हजर होतो. मुलाच्या दृष्टीनं त्यात चूक काहीच नसते. चिनीत 'सुईरान' म्हणून वाक्य सुरू केलं की पुढच्या अर्ध्यात 'दानश' येतोच, आपल्या 'जरी'मागे 'तरी' यावा तसा. 'जरी पाऊस होता, आम्ही बाहेर पडलो' हे आपल्या कानाला लंगडं वाटतं ना? त्याला 'बट'शिवायचं इंग्रजी वाक्य तसंच वाटतं. 'बिकॉज' आणि 'सो' यांच्या जोडीचंही हेच: मागे उभे असतात 'यिनवेइ' आणि 'सुओयी'.

हाँगकाँग-सिंगापुरात राहून किंवा इतर कुठून अशा मुलांची शिकवणी घेणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहितोय. सराव म्हणून व्याकरणाच्या पुस्तकातली पन्नास वाक्यं सोडवून घेणं सोपं असतं, पण त्यानं फारसं हलत नाही. चुकलेल्या वाक्यामागचं चिनी वाक्य मुलाकडून बोलून घ्यावं, दोन्ही शेजारी लिहावीत आणि फरक त्यालाच दाखवायला लावावा. त्यासाठी तुम्हाला चिनी यायलाच हवं असं नाही. दहा-बारा ठिकाणं माहीत असली तरी पुरे. आणि मराठी माणसाची त्यातली बरीच आधीच ओळखीची निघतात.

आधी मुलासमोर काय उभं असतं ते पाहू. चीनमधल्या 'गाओकाओ' या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेची नवी राष्ट्रीय इंग्रजी प्रश्नपत्रिका १५० गुणांची आणि दोन तासांची असते. ऐकणं ३०, वाचन ५०, भाषेचा वापर ३० आणि लेखन ४०. वाचनात चार उताऱ्यांवर १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुणांचे. शिवाय एका उताऱ्यातून काढलेली पाच वाक्यं सात पर्यायांतून निवडून जागच्या जागी बसवायची. भाषेच्या वापरात १५ गुणांचा गाळलेल्या शब्दांचा उतारा, आणि दहा रिकाम्या जागांचा व्याकरणाचा उतारा, प्रत्येक जागेला दीड गुण. हाँगकाँगच्या शालान्त परीक्षेची रचना वेगळी आहे, तैवानची आणखी वेगळी, पण चुका थोड्याफार फरकानं त्याच.

त्या दहा रिकाम्या जागांवर थोडं थांबू, कारण मुलं सर्वांत जास्त अडखळतात ती इथं. बहुतेक जागांपुढे कंसात मूळ शब्द दिलेला असतो आणि त्याचं योग्य रूप लिहायचं असतं. 'द लेटर, अमुक बाय माय ग्रँडफादर इन १९६५, वॉज फाउंड लास्ट वीक.' दिलेला शब्द 'राइट'. मूल 'वॉज रिटन' लिहून मोकळं होतं. का? चिनीत क्रियापदं एकामागोमाग एक मांडता येतात आणि कुणाचंच रूप बदलत नाही. 'तो बसनं शाळेत जातो' हे चिनीत शब्दशः 'तो बसतो बस जातो शाळा' असं येतं. मुख्य क्रियापद कुठलं आणि दुय्यम कुठलं हे शब्दाच्या रूपावरून कळत नाही. मराठीत ते ऊन, ताना, लेला, णारा सांगतात: 'लिहिलेलं पत्र', 'बस पकडून गेला'. म्हणून आपल्या मुलाला हा फरक निदान जाणवतो. चिनी मुलाला तो मोजून काढावा लागतो.

मोजायचं असं. वाक्यातली सगळी क्रियापदं अधोरेखित करायची, रिकामी जागाही त्यात धरायची. मग जोडणारे शब्द मोजायचे: अँड, बट, हू, विच, दॅट, व्हेन, बिकॉज. एक जोडशब्द असेल तर दोन मुख्य क्रियापदं चालतात, दोन असतील तर तीन. वरच्या वाक्यात जोडशब्द शून्य आणि 'वॉज फाउंड' हे मुख्य क्रियापद आधीच बसलेलं. म्हणजे रिकाम्या जागेला काळ लागणार नाही. उरले तीनच पर्याय: 'टू'वालं रूप, 'आयएनजी'वालं किंवा तिसरं रूप. पत्र लिहीत नाही, लिहिलं जातं, म्हणून 'रिटन'. हा हिशेब रोज पाच वाक्यांवर, दहा मिनिटं, महिनाभर करून घ्या. सुरुवातीला मूल 'दॅट' दिसला की डोळे मिटून जोडशब्द मोजतं. 'दॅट बुक'मधला 'दॅट' काही जोडत नाही, हे एकदा बजावून सांगावं लागतं.

काळाच्या बाबतीत एक चुकीची समजूत शिक्षकांमध्येही असते: चिनीत क्रियापदामागे लागणारा 'ल' म्हणजे भूतकाळ. तसं नाही. 'ल' क्रिया पुरी झाल्याचं सांगतो, ती कधी पुरी झाली हे सांगत नाही. 'उद्या जेवलो की निघतो' या वाक्यात 'जेवलो' भूतकाळाचं रूप आहे, पण बोलतोय आपण उद्याचं. चिनी 'ल' नेमका असाच उद्याच्या वाक्यातही येतो. मुलाला 'ल दिसला की ईडी लाव' असं सांगितलंत, तर तो उद्याच्या वाक्याला 'ईडी' लावणार, आणि ज्या कालच्या वाक्यात 'ल' नाही तिथं ठेवणार 'गो'. त्याऐवजी आधी वेळेचा शब्द शोधायचा, त्याला गोल करायचा, मगच क्रियापदाला हात लावायचा. वेळेचा शब्द नसेल तर आधीच्या वाक्याचा काळ बघायचा.

तृतीयपुरुषी 'एस' हा मात्र वेगळा रोग. नियम विचारलात तर मूल झोपेतही सांगेल, लिहिताना विसरेल. समजावण्यात वेळ घालवू नका. लेखन संपल्यावर शेवटच्या वाक्यापासून सुरुवातीकडे उलटं वाचायला लावा, आणि फक्त क्रियापदं बघायची. सरळ वाचताना मूल अर्थाबरोबर वाहत जातं, उलटं वाचताना अर्थ तुटतो आणि 'एस' दिसतो. १५० शब्दांच्या लेखनाला तीन मिनिटं पुरतात.

'अ', 'ॲन', 'द' यांच्याबाबत आपणही त्यांच्याच नावेत आहोत, कारण आपल्या भाषेतही हे प्रकार नाहीत. पण चिनीची एक खास अडचण आहे. तिथं वस्तू मोजताना आकड्यानंतर एक मापाचा शब्द येतोच. पुस्तकांना वेगळा, कागदांना वेगळा, कपड्यांना वेगळा. त्यामुळे सगळंच मोजता येतं, फर्निचरही आणि सल्लाही. मग 'ॲन ॲडव्हाइस', 'अ फर्निचर' आलंच. यावरचा उपाय त्याच्याच भाषेत आहे: 'अ पीस ऑफ' हा इंग्रजीतला मापाचा शब्द आहे, असं सांगा. लगेच पटतं. जास्त पटलं तर 'थ्री पीसेस ऑफ पेन्स'ही येतात, तेवढं बघून घ्या.

'देअर हॅव मेनी पीपल लाइक टी' या एका वाक्यात दोन चुका आहेत. चिनी 'यो' हा शब्द 'माझ्याकडे आहे' आणि 'तिथं आहे' ही दोन्ही कामं करतो, म्हणून 'हॅव'. आपला 'आहे'ही दोन्हीकडे चालतो, फक्त आपली चूक उलट्या बाजूनं होते. दुसरी चूक 'लाइक'ची, वर सांगितलेल्या हिशेबातली: दोन क्रियापदं, जोडशब्द शून्य. एक तर 'देअर हॅव' काढा, नाहीतर त्याचं 'देअर आर' करून पुढे 'हू' घाला.

बोलताना 'ही' आणि 'शी' यांची अदलाबदल होते, कारण चिनीत तो, ती, ते तिन्ही उच्चारात 'ता'. लिहिताना 'ती'चं अक्षर वेगळं असतं, पण तेही १९२० च्या सुमारास ल्यू बाननोंग यांनी रुजवलेलं. एक मुलगा आणि एक मुलगी असलेलं चित्र देऊन दोन मिनिटं गोष्ट सांगायला लावा. चुकलं की फक्त बोट वर करा, बोलू नका. बोलून थांबवलंत तर गोष्टच तुटते.

शब्दसंग्रहाबद्दल चिनी विद्यार्थ्यांमध्ये एक जुना विनोद आहे. शब्दांच्या वर्णानुक्रमी पुस्तकात सुरुवातीलाच येतो 'अबँडन', म्हणजे सोडून देणं, आणि मूल तेवढा एकच शब्द शिकून पुस्तक सोडून देतं. यादी वर्णक्रमानं पाठ करण्यातली खोट त्यात बरोबर पकडलीय. बारावीपर्यंत सुमारे ३००० शब्द लागतात. रोज दहा नवे घ्या, आणि त्यांची उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी. मात्र शब्दासमोर नुसता चिनी अर्थ लिहू देऊ नका, शेजारी तो ज्याच्याबरोबर येतो तो शब्दही हवा. चिनीत दिवा 'उघडतात' आणि औषध 'खातात', म्हणून 'ओपन द लाइट', 'ईट मेडिसिन'. पाऊस तिथंही आपल्यासारखाच 'मोठा' पडतो, इंग्रजीत तो 'हेवी' होतो. आणि आपण दूध घालून पितो त्या चहाच्या पानांना चिनीत 'लाल चहा' म्हणतात, इंग्रजीत 'ब्लॅक'. नात्यांमध्ये तर 'कझिन' हा शब्द त्यांना आपल्याइतकाच तोकडा वाटतो. चुलतभावंडांना 'तांग' आणि आते-मामे-मावसभावंडांना 'ब्याओ', वर थोरलं की धाकटं हेही सांगावं लागतं.

स्पेलिंगसाठी त्यांच्या लिपीचाच फायदा घ्या. नदी, समुद्र आणि तलाव या तिन्ही चिनी अक्षरांच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब असतात. अनोळखी अक्षर दिसलं तरी थेंबांवरून मूल म्हणतं, हे पाण्याचं काहीतरी आहे. 'अन', 'रि', 'लेस', 'नेस', 'एबल' हे इंग्रजीतले थेंबच. आठवड्याला असे दोन तुकडे आणि प्रत्येकाचे पाच शब्द, एवढं पुरतं. तुकडे न पाडता शब्द अख्ख्या चित्रासारखा पाठ केला की 'क्वाइट' आणि 'क्वायट' एक होतात, कारण अक्षरं तीच आणि क्रम तेवढा वेगळा. इंग्रजी शब्दावर उच्चारासाठी चिनी अक्षरं लिहायची सवयही लवकर मोडा. 'थँक यू'साठी मुलं 'सान के यो' लिहितात. त्याचा शब्दशः अर्थ 'तीन ग्रॅम तेल'. गंमत आहे खरी, पण 'थ'चा उच्चार त्यात कायमचा गेला.

वाचनातली मोठी अडचण शब्दांची नसते, दिशेची असते. चिनीत सगळी विशेषणं नामाच्या आधी येतात, कितीही लांब असली तरी: 'गेल्या वर्षी आम्हाला गणित शिकवलेले शिक्षक'. मराठीतही हेच वळण. इंग्रजीत 'द टीचर' आधी येऊन बसतो आणि त्याचं वर्णन मागून येतं, म्हणून 'द टीचर हू टॉट अस मॅथ्स लास्ट इयर इज लीव्हिंग' वाचताना 'लास्ट इयर इज लीव्हिंग' असा तुकडा डोक्यात पडतो. पेन्सिलीनं 'हू'पासून 'इयर'पर्यंत चौकट आखायची, चौकट झाकायची, उरलेलं वाचायचं, मग चौकट उघडायची. महिन्याभरात पेन्सिल सुटते. चौकट कुठं बंद करायची ते कळत नसेल तर दुसरं मुख्य क्रियापद शोधा, चौकट त्याच्या अलीकडे संपते.

उतारा ३०० शब्दांचा असेल तर पाच-सहा अनोळखी शब्द ठीक. दहाच्या पुढे गेले तर उतारा बदला, कारण मग तो वाचनाचा सराव राहत नाही, शब्दकोशाचा होतो. परीक्षेत एका उताऱ्याला प्रश्नांसकट सात-आठ मिनिटं मिळतात, पण पहिले दोन महिने घड्याळ लावू नका. सातांतून पाच निवडायच्या प्रश्नात मुलं अर्थावरून अंदाज बांधत बसतात. तिथं बघायचे असतात छोटे शब्द: 'दीज' आला तर आधी अनेकवचन हवं, 'हाउएव्हर' आला तर आधी उलट बाजू हवी, 'इट' आला तर 'इट' कोण ते आधीच्या वाक्यात सापडायला हवं.

चुकांची वही, 'त्स्वोतीबेन', चीनमध्ये बहुतेक विद्यार्थ्यांकडे असते. अख्खा प्रश्न उतरवायचा, तीन रंगांची पेनं वापरायची आणि पुन्हा कधी उघडायची नाही, असा तिचा सर्वसाधारण प्रवास. तीन ओळीच लिहून घ्या: चुकलेलं वाक्य, त्यामागचं चिनी वाक्य, बरोबर वाक्य. रविवारी पहिली ओळ सोडून बाकी झाकायचं आणि तिसरी पुन्हा लिहायची. सलग तीन रविवार बरोबर आली की ती नोंद खोडायची. वही पातळ होत गेली पाहिजे.

एक कोपरा मात्र मराठी शिक्षकांनीच सांभाळून शिकवायचा, तो म्हणजे मोठे आकडे. चिनीत दहा हजाराला 'वान' आणि दहा कोटींना 'यी' म्हणतात, म्हणजे ती चार-चार शून्यांनी मोजते. आपण हजारानंतर दोन-दोन शून्यांनी मोजतो, इंग्रजी तीन-तीन. साडेतीन लाख म्हणजे त्याचे ३५ वान आणि इंग्रजीत 'थ्री हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड'. ऐकण्याच्या भागात मूल एक शून्य खातं ते इथंच. रोज दहा आकडे इंग्रजीतून सांगा, त्यानं अंकांत लिहून उजवीकडून तीन-तीनवर स्वल्पविराम द्यायचे. आणि फळ्यावर लिहिताना आपला हात सवयीनं ३,५०,००० लिहून जातो, तेवढा आवरा.