मॅडमचे शेरे

2023 च्या नवरात्रातला मंगळवार. सकाळी सव्वानऊला फोन आला. "दादा, माझे शेरे गेले. मेल सगळे आहेत, शेरे एकही दिसत नाही. आणि बाराला कोर्टात उभं राहायचंय."

मी पुण्यात छोट्या ऑफिसांचे मॅक, म्हणजे अ‍ॅपलचे संगणक, सांभाळतो. फोनवर शिवाजीनगर भागातल्या एक दिवाणी वकील होत्या. मॅकच्या मेल अ‍ॅपमध्ये एक प्लगइन (अ‍ॅपला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकून घेऊन गेली दहा वर्षं त्या महत्त्वाच्या प्रत्येक मेलला शेरा लावत होत्या. मेल कुठल्या दाव्याचा, कागद कोणाकडे आहे, पक्षकार फोनवर काय बोलला. त्यांची अर्धी प्रॅक्टिस त्या शेऱ्यांत होती, हे मी जवळून पाहिलेलं.

आदल्या संध्याकाळी ज्युनियर मुलाने अपग्रेडचं बटण दाबलं होतं. मॅकची जुनी सिस्टिम व्हेंचुरा जाऊन नवी, सोनोमा, आली. बिचारा कोपऱ्यात उभा होता. मी त्याला सांगितलं, चूक तुझी नाही. जुने मेल प्लगइन सोनोमात चालणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि "अपग्रेडला हात लावू नका" एवढं सांगायला मी विसरलो होतो. ती गोष्ट मला अजून टोचते.

हे प्लगइन मेलच्या शेजारी बसून काम करत नसत, थेट मेलच्या पोटात शिरत. त्यामुळे मेलच्या आत काही हललं की ते मोडत. पूर्वी प्रत्येक मोठ्या अपडेटबरोबर मेलचा एक ओळखक्रमांक बदलायचा. प्लगइनच्या इन्फो फाइलमधल्या यादीत तो नसेल, तर मेल त्याला 'बंडल्स' फोल्डरमधून उचलून बंद केलेल्यांत टाकायचं. मी टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, नवा क्रमांक काढायचो, यादीत चिकटवायचो, फोल्डर जागेवर ठेवायचो, आणि गाडी पुन्हा चालू. सोनोमात ते दारच उरलं नाही. त्याऐवजी 2021 च्या मॉन्टेरे सिस्टिमपासून मेलकिट या अ‍ॅपलच्या नव्या पद्धतीची एक्सटेन्शन (जोड-प्रोग्रॅम) आहेत. ती मेलबाहेर, आपल्या कुंपणात चालतात. सुरक्षिततेसाठी हे बरंच, मला पटतं. पण मेल लिहिताना मदत, नव्याने येणाऱ्या मेलवर कारवाई, नको ते अडवणं, सही आणि एन्क्रिप्शन, एवढीच कामं त्यांना दिलेली आहेत. दहा वर्षांपूर्वीच्या मेलला शेरा चिकटवणं त्यात बसत नाही.

मॅक पुसून व्हेंचुरा पुन्हा टाकायचं आणि टाइम मशीनच्या बॅकअपवरून सगळं परत आणायचं, तर अख्खा दिवस जाणार. घड्याळात दहा वाजून गेलेले.

मग प्लगइन सोडून त्याचा डेटा शोधायला लागलो. लायब्ररीतल्या अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये त्याच्या नावाचं फोल्डर जसंच्या तसं होतं, आत एक एसक्यूलाइट फाइल, म्हणजे छोटा डेटाबेस. आधी तिची कॉपी काढली, मग उघडली. ओळींवर ओळी सरकायला लागल्या: 6,214 शेरे. प्रत्येकासमोर त्या मेलचा मेसेज-आयडी. मी खुर्चीत नीट बसलो, तोवर उभ्यानेच टाइप करत होतो.

मेसेज-आयडी म्हणजे मेलच्या हेडरमध्ये असणारा त्याचा खास क्रमांक. तो 'मेसेज' या शब्दापुढे लिंकसारखा लिहिला की मॅक नेमका तोच मेल उघडतं. छोटी स्क्रिप्ट लिहून सगळे शेरे एका साध्या पानावर उतरवले. डावीकडे शेरा, उजवीकडे लिंक. पहिल्यांदा एकही लिंक उघडेना. आयडीभोवतीचे कोनी कंस तसेच राहिले होते, ते टक्क्याच्या चिन्हाने लिहावे लागतात. ते दुरुस्त केलं.

अकरा वाजून वीस मिनिटं. मॅडमनी शोधात दाव्याचा नंबर टाकला. चार शेरे आले. तिसरा असा होता: 'भावाने हिस्सा मान्य केल्याचं याच मेलमध्ये. मूळ पत्र आईच्या लोखंडी पेटीत.'

त्यांनी लिंक दाबली. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग मेल उघडला, 2016 चा. मॅडम दोनदा वाचून गेल्या. प्रिंटरकडे हात करून ज्युनियरला म्हणाल्या, "दोन प्रती काढ बाळा, आणि माझा कोट दे."

मी तिथेच थांबलो. उरलेल्या शेऱ्यांच्या लिंका तपासायच्या होत्या.