मृत्युपत्राला आव्हान देताना

वडील गेल्यावर भावाने मृत्युपत्र पुढे केलं. स्टँप पेपरवर टाइप केलेलं, नोटरीचा शिक्का, 'पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाखाली न येता' वगैरे सगळं साग्रसंगीत. सगळी मिळकत त्याला. आई हयात, पण तिचा उल्लेखही नाही! नातेवाईक म्हणाले, नोटरी झालीय, आता काही होत नाही. तसं अजिबात नसतं. नोटरीच काय, रजिस्टर केलेलं मृत्युपत्रसुद्धा कोर्टात सिद्ध करावंच लागतं.

भावाने प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब व्हावं म्हणून, अर्ज केला आणि मी हरकत घेतली. वकीलबाईंनी पहिल्याच बैठकीत बजावलं, 'दबाव टाकला' एवढं लिहून भागत नाही. कोणी, केव्हा, कसा, सगळं तपशिलाने मांडायचं आणि सिद्धही आपणच करायचं. बंद दाराआड काय झालं ते मी कशाने सिद्ध करणार? पण मृत्युपत्र रीतसर झालं हे दाखवायची जबाबदारी ते पुढे करणाऱ्याची असते, आणि त्यात संशयाला जागा असेल तर तो संशयही त्यानेच फेडायचा. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५८ सालीच सांगून ठेवलंय. मग आम्ही सगळा जोर तिथे लावला.

हॉस्पिटलचं रेकॉर्ड कोर्टामार्फत मागवलं. मृत्युपत्राच्या आदल्याच आठवड्यातल्या डिस्चार्ज कार्डावर उजवा हात निकामी, बोलणं असंबद्ध, अशी नोंद. आणि मृत्युपत्रावरची सही मात्र बँकेच्या जुन्या चेकवर असायची तशी, वळणदार.

खरी मजा उलटतपासणीत आली. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार लागतात आणि प्रत्येकाची सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर व्हावी लागते. भावाने आणलेला साक्षीदार सरतपासणीत, म्हणजे भावाचा वकील विचारत होता तेव्हा, पोपटासारखा बोलला. मग बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही सही कुठे केलीत?"

"माझ्या दुकानात. कागद तिकडेच आला होता."

"वडील बरोबर होते?"

"छे, ते तर अंथरुणावर."

न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं टाइप करून घेतलं. दुसरा साक्षीदार त्यानंतर फिरकलाच नाही.

प्रोबेट नाकारलं गेलं. फसवणूक किंवा दबाव सिद्ध झाला, असं निकालात कुठेही नाही. मृत्युपत्र कायद्याप्रमाणे शाबीत झालं नाही आणि संशय फिटला नाही, एवढंच आहे. माझ्या बहिणीला ते अजून खटकतं, मला नाही. भाऊ अपिलात गेलाय.