झाड का नाही आलं?

"टीचर, उजेड आत आला, मग झाड का नाही आलं?"

तिसरीच्या मुलांना घेऊन आज पणजीत एका जुन्या घरात गेले होते, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले, आणि ही चिमुरडी त्या दुधी उजेडाकडे बघत उभी.

पारदर्शक, अर्धपारदर्शक, अपारदर्शक हे मी फळ्यावर कितीदा लिहिलंय, पण असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. काचेतून किरण सरळ येतात म्हणून बाहेरचं झाड दिसतं, शिंपल्यात ते आतल्या आत चहूकडे विखुरतात, उजेड पोचतो पण चित्र विस्कटतं. एवढं सांगेपर्यंत ती उघड्या झडपेखाली, लादीवर पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यावर तळवा ठेवून बसली. "हांगा गरम आसा!" (इथे गरम आहे!)

लादीने प्रकाश शोषला, त्याचीच उष्णता झाली. १५ कोटी किलोमीटरवरून साधारण ८ मिनिटं २० सेकंदांत आलेली ऊर्जा, आणि तिने ती तळहातावर घेतली!

मग सगळेच तळवे टेकवून बसले, मी पण. पुस्तकात हा धडा एका पानाचा आहे, मी तो नेहमी एका तासात उरकते. तुमच्या घरी अशी खिडकी आहे का अजून? मुलांना घेऊन यायचंय.